पाटी नसलेलं दुकान

काकांना स्टेजवर मी ओढलं. अक्षरशः दंडाला धरून. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे इकडेतिकडे बघायची वेळ माझ्यावर यायला नको.

मी तेव्हा डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायचो. नाव काय, वय काय, कुठला डोळा, आधी कुठे दाखवलं होतं, एवढं विचारायचं, कार्ड भरायचं आणि "पुढचे" म्हणून ओरडायचं. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत माझा सलग दोन वर्षं दुसरा नंबर आला होता. अशा माणसाला दिवसभर एकच शब्द बोलायला लावणं म्हणजे काय, हे ज्याचा दुसरा नंबर आलाय त्यालाच कळेल. पहिल्या नंबरवाले पुढे वकील वगैरे होतात.

दवाखान्यात दर शनिवारी एक पाकीट यायचं. यायचं म्हणजे, आम्ही दार उघडायच्या आधी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेलं असायचं. आत चार-पाच जुने चष्मे, पण नवे वाटावेत असे. काचा लखलखीत, स्क्रू घट्ट, काड्या सरळ. प्रत्येक चष्मा जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात गुंडाळलेला आणि वर शाईनं दोन्ही डोळ्यांचे नंबर. चिठ्ठी नाही, नाव नाही. ज्यांना चष्मा विकत घेणं जमत नव्हतं त्यांना हे जायचे. बावीस वर्षं हा प्रकार चालला होता. डॉक्टरबाई म्हणायच्या, "नंबर आमच्या मशीनपेक्षा बरोबर असतो." सिस्टर म्हणायच्या, "असेल कुणीतरी देवाचा माणूस," आणि पाकीट कपाटात ठेवून कामाला लागायच्या. बावीस वर्षांत कुणी लवकर येऊन पाळत ठेवली नव्हती. मला तो आळस वाटायचा. तो शहाणपणा होता हे कळायला मला स्वतः मूर्ख ठरावं लागलं.

झालं असं, की माझ्याच चष्म्याची काडी निखळली. तीन गल्ल्या सोडून एक चष्म्यांचं दुकान होतं, वर पाटी नसलेलं. तिथल्या काकांनी काडी बसवली, सवयीनं काच तपासली आणि पावतीवर नंबर लिहिला, 1.75. त्या सातच्या कमरेला एक आडवी रेघ होती, पट्टा आवळल्यासारखी. तसले पट्टेवाले सात मी दर शनिवारी कॅलेंडरच्या कागदावर बघत होतो. काउंटरच्या आत नजर टाकली तर जुन्या कॅलेंडरांची चळत.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि बाहेर आल्यावर रस्त्यात एकटाच हसलो. तिथून मी सरळ घरी जाऊन झोपलो असतो तर बरं झालं असतं.

पण पुढच्याच आठवड्यात दवाखान्याला पंचवीस वर्षं होत होती. भाड्यानं हॉल, भाड्यानं खुर्च्या, आणि सूत्रसंचालनाला मी, फुकट. आसपासच्या सगळ्या दुकानदारांना आमंत्रण होतं. काका आणि काकू येऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. उठून जायला सोयीचं पडावं म्हणून.

भाषणं संपत आली तसा मी माईक हातात घेतला. म्हणालो, "बावीस वर्षं एक हात अंधारातून आपल्याला उजेड देतोय." (हे वाक्य मी तीन दिवस घोकलं होतं.) "आज तो हात आपल्यात बसला आहे." मग मी विराम घेतला. विराम कुठे घ्यायचा ते मला शाळेत शिकवलं होतं. गप्प कुठे बसायचं ते राहून गेलं.

मग सगळं सांगितलं. पट्टेवाले सात, कॅलेंडरं, पावती. हॉल उभा राहिला. मी खाली उतरून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो आणि काकांना दंडाला धरून पुढे आणलं. त्यांचा दंड हलका होता, आतून काहीच विरोध नव्हता, आणि चेहरा असा की झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण भर रस्त्यात कुणी ओढून घ्यावं. दवाखान्याच्या अध्यक्षांनी पाहुण्यांसाठी आणलेलं भिंतीवरचं घड्याळ आयत्या वेळी त्यांच्या हातात दिलं. माईक तोंडापुढे धरला तर म्हणाले, "मला घरी जायचंय." लोकांना ते इतकं आवडलं की टाळ्या दुप्पट झाल्या.

अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मी हरभऱ्याच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर होतो. तिथून लांबपर्यंत दिसत होतं, फक्त काका कधी निघून गेले ते दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी कट्ट्यावर पाकीट नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हतं. तिसऱ्या शनिवारी सिस्टर माझ्या खिडकीत डोकावून म्हणाल्या, "घ्या, वक्ते. बावीस वर्षं चालू होतं. तुम्ही एका विरामात बंद पाडलंत."

खिडकीबाहेरच्या बाकावर एक गोदामाचा वॉचमन येऊन बसायचा. दोन्ही डोळ्यांना उणे नऊ. त्याचा चष्मा ट्रकच्या चाकाखाली गेला होता आणि तो आता गाडीचा नंबर नाक टेकवून वाचत होता. मालकानं अजून पाहिलं नव्हतं. उणे नऊचा जुना चष्मा असा कपाटात पडलेला नसतो. तो कुणीतरी जमवावा लागतो. वॉचमन रागावत नसे, घाई करत नसे. फक्त दर शनिवारी विचारायचा, "आलं का हो पाकीट?" आणि मी फायलीत काहीतरी शोधायला लागायचो.

चौथ्या शनिवारी दुपारी मी दुकानात गेलो.

दुकान म्हणजे दोन भिंतींमधली बोळच. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला कायमचं बंद शटर. दारावर पाटीचा लोखंडी सांगाडा तेवढा होता, गंजलेला, मधून आभाळ दिसणारा. आत काउंटर, एक आरसा, भिंगांची लाकडी पेटी, काच घासायचं चाक आणि समोरच्या भिंतीवर पांढऱ्या कागदावर काढलेली काळी फुली. आता त्यात भर पडली होती. काचेवर काकांच्या फोटोची बातमी चिकटवलेली होती, एक नाही, सात प्रती. झेरॉक्सवाल्याचं प्रेम. आणि काउंटरला लागून चार पोती, गळ्यापर्यंत भरलेली. जुने चष्मे. गावानं घर आवरून काढलेले. एक काडी असलेले, काच नसलेले, उन्हाचे, पोरांचे खेळण्यातले.

"या, वक्ते," काकू आतल्या स्टुलावरून म्हणाल्या. "माईक बाहेर ठेवलात का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला ते घड्याळ लागलं होतं.

"बघता काय?" काकू म्हणाल्या. "आमचं बंद पडलं होतं. वेळ बरोबर दाखवतं, त्याचा काय दोष?"

काका काही बोलणार तेवढ्यात एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन दारात आले. घ्यायचं काही नव्हतं. मुलांना काका दाखवायचे होते. "हे बघा, हेच ते. मोठं झाल्यावर असं व्हायचं."

"ह्यांच्याएवढं? पाच फूट तीन इंच?" काकूंनी विचारलं.

गृहस्थांना ते कळलं नाही. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, मुलांना हलवायला लावला, आणि गेले. काका हसत होते. ते गेल्यावरही हसू थोडा वेळ तसंच राहिलं, बंद करायचं विसरलेल्या पंख्यासारखं. मग ते थांबलं आणि काका खुर्चीत मागे टेकले.

"दमलो रे," ते म्हणाले. "काम करून नाही. काम तर महिनाभर केलंच नाहीये. हसून दमलो."

मी माफी मागितली. चांगली पाठ करून आणली होती, पण अर्ध्यात विसरलो. काकांनी हातानं थांबवलं. "तुझा राग नाही. तुला काय माहीत. बस."

मी पोत्याच्या कडेला टेकलो.

"दुपारी शटर अर्धं ओढायचो," ते म्हणाले. "ह्या वर आराम करायला जायच्या. तेव्हा तेवढा तास ते काम. एक चष्मा झाला, की त्या फटीतून उजेड येतो ना, तिकडे धरायचा. असा. एक श्वासभर. मग कागदात."

"तपासायला?"

"दाखवायला."

कुणाला, असं विचारण्याइतका मी तेव्हाही मठ्ठ नव्हतो.

"तेवढंच होतं माझं," काका म्हणाले. "मला फार काही कळत नाही देवातलं. प्रार्थनेला बसलो की उद्याची कामं आठवतात. पण हे एक होतं, त्याच्याशिवाय कुणी न बघितलेलं. म्हटलं, गेल्यावर हे दाखवता येईल. आता चष्मा वर धरतो तर टाळ्या ऐकू येतात. हात धरतो इकडे आणि कान तिकडे. दोनदा करून बघितलं. नाही जमलं. दोन्ही चष्मे परत पोत्यात टाकले."

"पण काका, लोकांनी कौतुक केलं म्हणून तुमचं काम खोटं कसं होईल?" मी म्हणालो. वक्तृत्वात दुसरा नंबर उगाच येत नाही. "मी असं करतो. मी दवाखान्यात सांगतो, माझी चूक झाली, ते काका नव्हेतच. माझं हसं होईल, होऊ दे."

"म्हणजे देवासाठी खोटं बोलणार?" काकांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "तो काय तुझ्या ऑफिसातला साहेब आहे?"

काकू एवढा वेळ डबीतले स्क्रू आकारानं लावत होत्या. म्हणाल्या, "पाटीचं सांगा त्यांना. त्याशिवाय कळायचं नाही."

 काकांनी समोरच्या फुलीकडे बघत सांगितलं.

"दुकान नवीन होतं. वर ही एवढी पाटी, माझं नाव, निळ्यावर पांढरं. तेव्हाही मी फुकट चष्मे द्यायचो. लपून नाही. संध्याकाळी, रस्ता भरलेला असताना. चष्मा चढवला की माणसाला बाहेर मधोमध उभं करायचो आणि म्हणायचो, वर बघा, पाटी वाचा. मोठ्यानं. लांबचं दिसतं का ते कळायला नको?"

"आत अक्षरांचा तक्ता होता," काकू म्हणाल्या.

"होता," काका म्हणाले. "आत तक्ता होता."

घड्याळाचा आवाज येत होता. नवीन घड्याळं फार वाजतात.

"एकदा एक म्हातारा हमाल आला. साधा नंबर, उणे अडीच. चष्मा बसवला, बाहेर उभा केला. म्हटलं, वाचा. तो वर बघत राहिला. म्हटलं, मोठ्यानं. लोक थांबायला लागले. कुणीतरी हसलं. मला वाटलं माझा नंबर चुकला की काय, चारचौघांत. म्हटलं, दिसत नाही का? तो हळूच म्हणाला, दिसतंय हो सगळं. मला वाचता येत नाही. मागून कुणी ओरडलं, काय म्हणतो? आणि मी..." काका थांबले. "मी मोठ्यानं सांगितलं. त्यांना वाचता येत नाही म्हणतात."

काकूंचे हात डबीत थांबले होते.

"त्यानं चष्मा काढला. काड्या मिटल्या. अगदी नीट मिटल्या रे. काउंटरवर ठेवला आणि गेला. मी माल उतरवतात तिथे महिनाभर जात होतो. नाव माहीत नव्हतं, तोंड आठवत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं ना, लोकांकडे बघत होतो. पाटी उतरवली. पण नाव उतरवलं म्हणून माणूस परत येत नाही."

त्यांनी काउंटरचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि कागदात गुंडाळलेला एक चष्मा मला दाखवला. जाड काळी फ्रेम, जुन्या पद्धतीची. काचा काल बसवल्यासारख्या स्वच्छ. "दर शनिवारी पुसतो," म्हणाले आणि परत ठेवला.

  तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आता माझं ऐका. दोघंही."

"काय?"

"घरात कॅलेंडर किती लागतं वर्षाला?"

"एक," काका म्हणाले.

"मग ही चळत कुठून येते? बावीस वर्षं? कधी विचारलंत स्वतःला?"

काकांनी चळतीकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"मी मागून आणते," काकू म्हणाल्या. "शेजारून, बँकेतून, ह्या झेरॉक्सवाल्याकडून. गुळगुळीत कागदाचीच. खरबरीत कागदानं काच ओरखडते. तुम्हाला वाटायचं मी वर झोपते. आणि शनिवारी सकाळी तुम्ही फिरायला जाता. बावीस वर्षं फिरून माणसाचं पोट एवढं राहतं का?"

"म्हणजे तुला..."

"मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तेवढं तरी माझं असू दे की. तुम्हालाच का म्हणून सगळं त्याला दाखवायचं?"

 काकांनी चष्मा काढून डोळे चोळले, परत चढवला. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "तो वॉचमन किती नंबरचा म्हणालास?"

मी म्हणालोच नव्हतो. चार शनिवार दवाखान्यासमोरून जाताना त्यांनी त्याला बाकावर बसलेला पाहिला असणार, पापण्या बारीक करून. मी म्हणालो, "उणे नऊ. दोन्ही."

"शटर ओढ," काका म्हणाले. "अर्धं."

जाड काच शोधायची म्हणजे फ्रेम सोडून कडा बघायच्या. पोत्यांमधून तीन चष्मे निघाले. पण खरी अडचण नंतर कळली. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, डाव्यात सुरू झाला होता. डॉक्टरबाई ऑपरेशन करायला एका पायावर तयार होत्या, पण काका म्हणायचे, "करतील, आणि मग पुन्हा हॉल घेतील."

"आता तू बघायचं," त्यांनी मला काच दिली. "त्या फुलीकडे बघ. काच डोळ्यासमोर धर आणि डावीकडून उजवीकडे हळू हलव. फुली काय करते?"

"सरकते. काचेबरोबरच."

"म्हणजे उणे. आता हे पेटीतलं अधिक नऊचं भिंग त्याला चिकटवून धर. परत हलव. फुली थांबली की नंबर नऊ. सरकली की नऊ नाही."

"थांबली," मी म्हणालो.

"परत बघ."

"थांबली की काका."

"तुला थांबायला हवीय म्हणून थांबली. परत."

मी परत बघितलं. फुली अगदी केसभर सरकत होती, लबाड मांजरासारखी. मी कबूल केलं. असं सात-आठ वेळा. माझी मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. एका चष्म्याची उजवी काच नऊची निघाली, दुसऱ्याची डावी. तिसरा कामाचा नव्हता. दोन्ही काचा एका फ्रेममध्ये बसवायच्या तर कडा घासाव्या लागणार. काकांनी चाक फिरवलं, मी वाटीनं पाणी सोडत राहिलो. ते बोटानं कड चाचपत होते, बघत नव्हतेच. वॉचमनच्या दोन बुबुळांमधलं अंतर मी कार्डावरून उतरवून आणलं. हे सगळं व्हायला चार दुपारी गेल्या. दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "तुमचं जेवण हल्ली फार लांबतं."

पाचव्या दुपारी चष्मा झाला. काकांनी पुसला, काड्या उघडून-मिटून पाहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा पाठ कर."

"का?"

"पाठ कर म्हणतो ना."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांसमोर ती फुली. मागे काही आवाज नव्हता, घड्याळ सोडून. त्यांनी तो उजेडाकडे धरला की नाही, आणि धरला तर किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी वळून बघितलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट आहे जिच्याबद्दल मला बढाई मारता येईल, आणि आत्ता मारतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पाकीट कट्ट्यावर ठेवणं आता शक्य नव्हतं. लगेच डंका वाजला असता. पण कार्यक्रमानंतर दवाखान्याच्या दारात एक पेटी ठेवली होती, लोकांनी जुने चष्मे टाकावेत म्हणून. तिची किल्ली माझ्याकडे. ठरलं असं, की काकांचे चष्मे त्या पेटीत जायचे, एकेक करून, बाकीच्यांत मिसळून. कागदावरचा नंबर माझ्या अक्षरात. माझ्या सातला पट्टा नाही.

वॉचमन शनिवारी आला. मी पेटीतून चष्मा काढून दिला. त्यानं चढवला आणि उभा राहिला. माझ्या तोंडावर आलं होतं, वाचा बघू समोरची पाटी. दवाखान्यात सगळे तसंच विचारतात. शब्द जिभेवरून मागे घेतला. म्हणालो, "बरं वाटतंय का?"

त्यानं पाटीकडे बघितलंच नाही. स्वतःच्या बाहीकडे बघितलं. बाहीवरचा एक दोरा चिमटीत धरून तोडला. मग दारातून बाहेर बघितलं, बराच वेळ. "कुणी दिला?" त्यानं विचारलं.

"पेटीत आला."

"ज्यानं टाकला त्याला कळणार नाही ना."

"नाही," मी म्हणालो. "पुढचे."

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. डॉक्टरबाईंनी पेटीतल्या चष्म्यांचे नंबर मशीनवर लावून पाहिले. अचूक. अक्षर कुणाचं? माझं. मग काय, सगळीकडे झालं की खिडकीतल्या पोरानं चूक केली खरी, पण स्वतः शिकून भरपाई करतोय. मी म्हणालो, "मी नाही हो." सिस्टर म्हणाल्या, "बघा, सुधारला. किती नम्र!" मी जोरात म्हणालो, "खरंच मी नाही, मला फुलीसुद्धा नीट दिसत नाही." त्यावर अध्यक्षांनी पुन्हा पाठ थोपटली. जेवढा नाही म्हणत गेलो तेवढं कौतुक वाढत गेलं. आणि लाज वाटते सांगायला, ते मला गोड लागत होतं. घरी जाताना मी ते चघळत जायचो आणि घर आलं की तोंड कडू व्हायचं.

काकांना सांगितलं. महिन्यानंतर ते पहिल्यांदा खरे हसले, खांदे हलेपर्यंत. "घे," म्हणाले. "भोग आता."

"उपाय सांगा ना पण."

"मला माहीत असता तर पाटी लावली असती का?" ते म्हणाले आणि काच पुसायला लागले.

मग पुसता पुसता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तो वॉचमन. काय म्हणाला चष्मा घातल्यावर?"

मी तोंड उघडलं. बाहीचा दोरा, दारातून बघणं, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, विरामासकट.

"नको," काका घाईनं म्हणाले. "राहू दे. नको सांगूस." आणि थोड्या वेळानं, फडक्याकडे बघत, "बाहेर ऊन फार आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि डबीतले स्क्रू पुन्हा ओतून पुन्हा लावायला घेतले.

असं वर्षभर चाललं. मी दुपारी जायचो, फुलीकडे बघायचो, ते म्हणायचे परत बघ. हळूहळू फोटो बघून येणारी माणसं कमी झाली. काचेवरच्या सात प्रती उन्हानं पिवळ्या पडल्या, मग कोपऱ्यांतून सुटल्या. काकूंनी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूत चष्मे गुंडाळायचा प्रयत्न केला, पण कागद खरबरीत होता. काका थकत चालले होते. एका दुपारी दोनच्या जागी एकच काच व्हायची. एकदा मी विचारलं, "आता ऐकू येतात का टाळ्या?" म्हणाले, "येतात. लांबून. जातील." दुसऱ्या एका दिवशी, न विचारताच, "त्याला पसंत आहे की नाही हे तो कधी सांगत नाही, हीच मोठी दमवणूक आहे. पण माणसं सांगतात आणि त्यानं भूक वाढतेच. त्यापेक्षा हे बरं."

मला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा निघायच्या आधी भेटायला गेलो. शनिवार होता. काका खालचा खण उघडून बसले होते. काळ्या फ्रेमचा चष्मा फडक्यात होता.

"काका, उणे अडीच," मी म्हणालो. "आमच्याकडे आत्ता बाकावर तसे तिघं बसलेत. कुणालाही चालेल. त्या हमालबाबांना किती वर्षं झाली. ते असतील का तरी?"

"नसतील," काका म्हणाले.

"मग द्या ना मला. मी पेटीत टाकतो. कुणाला कळणार नाही."

"त्या तिघांना दुसरे करू. आज एक काच होईल." त्यांनी काच फुंकर मारून पुसली, आधी उजवी, मग डावी. "हा त्याचा आहे. त्यानं मागितला होता, आणि मी अजून त्याला दिलेला नाही."

त्यांनी काड्या मिटल्या. नीट मिटल्या. काकूंनी न बघता चळतीतून एक कागद पुढे केला. चष्मा त्यात गेला, कागद खणात गेला, खण थोडा अडकतो म्हणून गुडघ्यानं आत ढकलला.

"शटर ओढ," काका मला म्हणाले. "आणि जाण्याआधी एवढी एक काच बघ. थांबते का सांग."